शीर्षासन येत नाही, मग मी योग शिकवावा का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून चाळिशीकडे झुकलेल्या एका ताईंनी लिहिलं आहे. लेकरं मोठी झाल्यावर त्यांनी योगशिक्षक पदविका चांगल्या गुणांनी पूर्ण केली. गेल्या जूनपासून गावातल्या एका मंदिराच्या सभामंडपात त्या सकाळी पावणेसहाला वर्ग घेतात. सुरुवातीला वीसेक जण यायचे, आता आठ-नऊ येतात. स्वतःला शीर्षासन, चक्रासन जमत नाही याची त्यांना लाज वाटते. बोलताना आवाज कापतो, क्रम विसरतो. वर्गातले एक निवृत्त गुरुजी सगळ्यांसमोर चुका काढतात, एक तरुण मुलगी मोबाइलवरची रील दाखवून "हे कधी शिकवणार?" विचारते. मध्यंतरी वर्गाच्या मागणीवरून त्यांनी कपालभातीचा वेग आणि वेळ वाढवला आणि त्यानंतर उठताना एका बाईंना चक्कर आली. त्या बाई पुन्हा वर्गाला आल्या नाहीत. आता वर्ग बंद करून, गळ्यातलं गहाण ठेवून 200 तासांचा महागडा कोर्स करावा आणि पक्कं शिकल्यावरच शिकवावं, असं ताईंच्या मनात आहे. हे बरोबर होईल का, असं त्या विचारतात.

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या लांबलचक पत्राचा निम्मा भाग तुम्हाला कोणकोणती आसनं येत नाहीत यातच गेला आहे. चक्कर आलेल्या बाईंबद्दल मात्र पाच-सहा ओळीच आहेत, आणि त्यातली एक अशी: "नंतर कळलं की त्यांना बीपीची गोळी चालू आहे." मला सगळ्यात आधी याच ओळीबद्दल बोलायचं आहे. तुम्हाला शीर्षासन उत्तम येत असतं, तरी त्या सकाळी जे झालं ते झालंच असतं. ते टळलं असतं ते त्या बाईंची गोळी तुम्हाला आधी माहीत असती तर.

तुम्ही असं धरून चालला आहात की शिक्षकाला वर्गातल्या सगळ्यांपेक्षा जास्त यायला हवं, आणि तेवढं आलं की आत्मविश्वास आपसूक येईल. मला हे पटत नाही. अंग लवचीक असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या अंगाला काय झेपेल हे ओळखणं वेगळं. सुंदर आसनं करणारे, पण समोरच्याचा श्वास अडकलाय हे लक्षातच न येणारे शिक्षक मी पाहिले आहेत. ज्यांना स्वतःला मांडी घालून बसायला त्रास होतो, तरी ज्यांच्या वर्गात म्हातारी माणसं वर्षानुवर्षं निर्धास्त येतात, असेही पाहिले आहेत.

तुमच्या मनात दोन भीती एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, आपल्या हातून कुणाला इजा होईल. दुसरी, गुरुजी काय म्हणतील, ती मुलगी काय म्हणेल, गावात काय बोललं जाईल. पहिली भीती जपून ठेवा. कितीही वर्षं शिकवलं तरी ती असायला हवी, कारण तीच आपल्याला विचारायला, थांबायला आणि कधी कधी "नाही" म्हणायला लावते. दुसरी सवयीनं बोथट होत जाते. पण सध्या तुम्ही जे उपाय शोधताय, म्हणजे अवघड आसनं, मोठा कोर्स, मोठं प्रमाणपत्र, ते सगळे दुसऱ्या भीतीवरचे आहेत. पहिलीवरचा उपाय बराच साधा आहे.

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येकाला एक पान. फॉर्म छापून वाटू नका, त्यावर "आजार: नाही" असंच लिहून येतं. आपल्याकडे बायका रोजच्या गोळीला आजार म्हणत नाहीत. वर्ग संपल्यावर एकेकीला सभामंडपाच्या पायरीवर घेऊन बसा आणि निवांत गप्पा मारल्यासारखं विचारा. "सकाळी कुठली गोळी घेता?" "अंथरुणातून उठताना भोवळ येते का?" "डोळ्यात रोज थेंब टाकता का?" थेंब काचबिंदूचे असतील तर डोकं खाली जाणारी आसनं त्यांच्यासाठी बंद. "साखरेची गोळी आहे का, आणि चतुर्थी-एकादशी धरता का?" कारण मधुमेहाची गोळी, उपवास आणि पहाटेचा व्यायाम एकत्र आले की साखर उतरू शकते. आदल्या दिवशीचा उपवास आहे का हे त्या दिवशी सकाळीही विचारायला हवं. पुरुषांना हर्नियाचं विचारा, ते आपणहून सांगणार नाहीत.

आणि आपल्या जिल्ह्यात एक प्रश्न विसरून चालणारच नाही: "पिशवी काढलीय का?" बीडमधल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. बातम्या थांबल्या, पण त्या बाया इथंच आहेत, आणि त्यातल्या कितीतरी ऐन तिशीत पिशवी काढलेल्या. "काही ऑपरेशन झालंय का" असं विचारलंत तर त्यातली एखादी "नाही" म्हणेल. "पिशवी" म्हणालात तर सांगेल. पिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एकदम होतात आणि हाडं लवकर ठिसूळ व्हायला लागतात. अशा पस्तीस वर्षांच्या बाईला दिसायला तरुण आहे म्हणून पादहस्तासनात जोरानं वाकवायचं नाही, झटका द्यायचा नाही. ऑपरेशन अलीकडचं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोटावर ताण येणारं काहीच नाही. बाळंतपणं किती झाली, शेवटचं कधी, साधं की सिझर, हेही त्याच ओघात विचारा. कुणाला अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तर कपालभाती, उड्डियान असले पोटाला जोर देणारे प्रकार त्यांना द्यायचे नाहीत. हे सगळं चारचौघांत कुणी बोलणार नाही. पायरीवर, दोघीच असताना, तिसऱ्या-चौथ्या वेळी बोलेल. त्या वहीला मग दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.

आठ-नऊ जणांची पानं भरायला तुम्हाला दोन आठवडे पुरतील. त्यानंतरच्या एखाद्या सकाळी वर्गावरून नजर फिरवून बघा. कुणाला भिंतीजवळ बसवायचं, कुणाला वाकू द्यायचं नाही, कुणाला खुर्ची लागेल, हे तुम्हाला माहीत असेल. गुरुजींना ते माहीत नसेल, रील दाखवणाऱ्या मुलीला तर नाहीच. तुम्ही ज्याला आत्मविश्वास म्हणताय तो मला तिथून येताना दिसतो.

आता कपालभाती. टीव्हीवरच्या शिबिरांमुळे लोकांना वाटतं की कपालभाती नाही म्हणजे योगच झाला नाही. पण 21 जूनला देशभर जो 45 मिनिटांचा क्रम होतो, त्या आयुष मंत्रालयाच्या सामान्य योग अभ्यासक्रमात नवशिक्यांना 20 श्वासांची जास्तीत जास्त तीन आवर्तनं सांगितली आहेत. उच्च रक्तदाब, हृदयविकार, चक्कर, हर्निया असणाऱ्यांनी ती टाळावी, असंही तिथंच लिहिलं आहे. वर्गानं कितीही आग्रह केला तरी याच्या पुढं जाऊ नका. भराभर श्वास सोडत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यात रिकामं पोट, बीपीची गोळी आणि बसल्या जागेवरून झटकन उठणं. त्या बाईंना नेमकं कशानं झालं हे डॉक्टरच सांगतील, पण एवढ्या गोष्टी जुळून आल्यावर भोवळ येऊ शकते. बीपीवाल्यांना तेवढ्या वेळात श्वास न रोखता नाडीशोधन किंवा भ्रामरी द्या. शवासनातून उठताना आधी कुशीवर, मग हातावर भार देऊन बसणं, तिथं थोडं थांबणं आणि मग उभं राहणं, हे सगळ्यांनाच रोज सांगा. कुणी एकटं पडणार नाही आणि सवयही लागेल.

पुन्हा कुणाला चक्कर आली तर तिथंच आडवं करा, पाय उशीवर किंवा कुणाच्या मांडीवर जरा उंच ठेवा, गर्दी हटवा, पूर्ण भानावर आल्याशिवाय तोंडात पाणी घालू नका. मधुमेह असलेली व्यक्ती शुद्धीवर असेल तर साखर द्या. साखरेची पुडी चटईच्या पिशवीत कायम असू द्या. शुद्ध हरपली, छातीत दुखायला लागलं, बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं तर वाट न बघता 108 ला फोन.

आणि ताई, त्या बाईंच्या घरी जाऊन या. तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून तुम्ही गेला नाहीत, असं लिहिलं आहे. त्यांना बहुधा वाटत असेल की आपल्यामुळे सगळ्यांना त्रास झाला. तब्येत विचारा, बीपी कधी तपासलं ते विचारा, डॉक्टरांनी परवानगी दिली तर हळूहळू सुरू करू म्हणा.

गोळीवरून तुम्हाला नेहमी विचारलं जातं, "मॅडम, आता योगा करायलेय तर गोळी बंद केली तर चालंल का?" आणि तुम्ही "बघू" म्हणता. या "बघू"चा अर्थ समोरची बाई "हो" असाच लावते. इथं संकोच नको. "गोळी डॉक्टरांनी सुरू केली, कमी करायची का ते डॉक्टरच सांगतील. तुम्ही योग चालू ठेवा, दर महिन्याला बीपी मोजा आणि तो कागद घेऊन त्यांच्याकडे जा." एवढं पाठ करून ठेवा आणि दर वेळी याच शब्दांत सांगा. बीपी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजून मिळतं. तपासणी मोठी असेल तर अंबाजोगाईचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तुमच्याकडच्या लोकांना तसं लांब नाही. गावातल्या एका डॉक्टरांना स्वतः जाऊन भेटा, मी अमुक वर्ग घेते, शंका आली की पेशंट पाठवीन, असं सांगून ठेवा.

"गुडघे लई दुखायलेत, जातंय का?" याचंही उत्तर खरं द्या. जाईलच असं सांगता येत नाही. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो आणि पुष्कळांना आराम पडतो, एवढं सांगता येतं. खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करून धरणं, पाठीवर झोपून एकाच पायाचं उत्तानपादासन, यापासून सुरुवात करा. वज्रासन हवंच असेल तर वाकळेची जाड घडी पोटरी आणि मांडीच्या मध्ये, पार गुडघ्याच्या खोबणीपर्यंत सरकवा. घोट्याखाली दुसरी छोटी घडी. बसल्यावर चेहऱ्याकडे बघा. बाई दुखतंय असं म्हणत नाही, पण ओठ आवळते. ओठ आवळले की घडी आणखी जाड करा, तरी नाही जमलं तर खुर्ची द्या आणि वज्रासनाचा विषय सोडून द्या.

साधनं घेतली म्हणजे कमीपणा, असं तुमच्या वर्गात कुणी म्हणेलच. 1937 साली योगगुरू बी. के. एस. अय्यंगार पुण्यात शिकवायला आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. लहानपण आजारपणात गेलेलं, मराठी येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम, आणि समोरचे विद्यार्थी वयानं, शिक्षणानं आणि शरीरानंही त्यांच्यापेक्षा वरचढ. ते शिकवत राहिले आणि शिकवता शिकवता शिकत गेले. आखडलेल्या, आजारी माणसांना आसन झेपावं म्हणून पट्टा, लाकडी ठोकळा, खुर्ची, भिंत, दोर यांचा वापर त्यांनी बसवला आणि आज तो जगभर चालतो. तुमच्याकडे जुन्या लुगड्याची पट्टी आहे, वाकळ आहे, मंदिराच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, भिंत आहे. खुर्ची तेवढी भिंतीला टेकवून ठेवा, फरशीवरून सरकते.

शीर्षासनाबद्दल एवढंच, की सभामंडपाच्या फरशीवर, बीपी-काचबिंदू-मानदुखीची माणसं असलेल्या मिश्र वर्गात ते शिकवायचंच नसतं. तुम्हाला ते मनापासून शिकायचं असेल तर एखाद्या जाणत्या शिक्षकाकडे जाऊन जरूर शिका, स्वतःच्या सरावासाठी. मात्र तो सराव वर्गापासून वेगळा ठेवा. संध्याकाळी असो, दुपारी असो, रोज थोडा वेळ तुमची चटई फक्त तुमच्यासाठी असू द्या. वर्गात तुम्ही जे करून दाखवता त्याला स्वतःचा सराव समजू नका. त्या मुलीनं पुन्हा रील पुढं केली तर तिला त्यातल्या आसनाच्या आधीच्या तीन पायऱ्या शिकवा. खांदे आणि मनगटं तयार करायलाच तिला महिने लागतील, आणि ती टिकली तर चांगली विद्यार्थिनी होईल.

आवाज कापतो आणि क्रम विसरतो, याचं मोठं कारण तुमच्या पत्रातच आहे: "तासभर सगळी आसनं मी स्वतः करून दाखवते." अहो, भुजंगासनात पालथ्या पडलेल्या शिक्षकाला वर्ग दिसणार कसा? दमलेल्या माणसाला शब्द सुचत नाहीत, क्रम आठवत नाही. प्रत्येक आसन एकदाच करून दाखवा, मग उठा आणि त्यांच्यात फिरत बोला. आधी दोन-तीन सोप्या आसनांनी सुरुवात करा. ताडासनाचंच उदाहरण घ्या. "टाचा उचला" म्हटलं की निम्मे लोक खांदे कानापर्यंत नेतात आणि डुगडुगतात. म्हणून आधी "दोन्ही पायांवर सारखा भार", मग "समोरच्या खांबावर एक जागा धरा, तिथंच बघा", मग "श्वास घेत हात वर", आणि हे स्थिर झाल्यावर "आता टाचा". एका वाक्यात एकच काम. ते होऊ द्या, मग पुढचं वाक्य. मधली शांतता तुम्हाला फार लांब वाटेल, त्यांना नाही वाटत.

डाव्या-उजव्याचा घोळ सगळ्या नव्या शिक्षकांचा होतो. त्यांच्याकडे तोंड करून उभ्या असाल तर "उजवा" म्हणताना तुम्ही डावा हात उचलायचा, आरशातल्यासारखा. ते जमेपर्यंत सरळ "गाभाऱ्याकडचा हात वर", "रस्त्याकडचा पाय पुढं" म्हणा. कुणीही चुकत नाही.

महिनाभर एकच क्रम ठेवा. सामान्य योग अभ्यासक्रमातली दहा-बारा आसनं निवडा आणि त्यांनाच धरून राहा. लोक कंटाळतील ही भीती तुमची आहे. रोज तेच केल्यावर तिसऱ्या आठवड्यात बायकांना स्वतःहून जमायला लागतं, आणि ते जमण्याचं सुख त्यांना नव्या आसनापेक्षा जास्त असतं. क्रमाचा कागद मोठ्या अक्षरांत लिहून खांबाला चिकटवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सुरुवातीलाच आवाज कापतो ना? मग पहिली दोन-तीन मिनिटं सगळ्यांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगा. त्या वेळी तुमच्यावर कुणाचीच नजर नसते, तुमचाही श्वास तोवर लयीत येतो. आठवड्यातून एकदा मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून घरी ऐका. नको वाटेल, तरी ऐका. कुठं घाई झाली, कुठलं वाक्य नुसतंच लांबलं, ते दुसऱ्या कुणी सांगायची गरज राहत नाही. उशीर झाला म्हणून शवासन कापू नका. त्यापेक्षा दोन आसनं कमी घ्या.

हात लावून दुरुस्ती करायची घाई नको. आधी बोलून बघा, नाही कळलं तर स्वतःच्या अंगावर दाखवा, आणि हात लावायचाच तर विचारून. पाठीवर दाब देऊन कुणाला खाली वाकवायचं नाही, कधीच नाही.

गुरुजींचा प्रश्न नाजूक आहे, कारण ते वयानं मोठे आहेत आणि काही वेळा त्यांचं म्हणणं बरोबरही असेल. वर्ग संपल्यावर किंवा त्यांच्या घरी जाऊन बोला. "गुरुजी, तुमचा सराव जुना आहे, मला काही चुकलेलं दिसलं तर वर्गानंतर जरूर सांगा, मी लिहून घेईन. वर्ग चालू असताना मात्र दोन आवाज झाले की बायका गोंधळतात." बहुतेक मोठी माणसं एवढ्यानं समजून घेतात. सुरुवातीची प्रार्थना त्यांना सांगू द्या, आवाज खणखणीत असेल तर वर्गालाही आवडेल. दुसऱ्यांच्या अंगाला हात लावून ते दुरुस्ती करत असतील तर तिथं मात्र ठाम राहा. वर्गात काही झालं तर जबाबदारी तुमची असते, हे त्यांना तसंच सांगा.

वर्ग वीसावरून नऊवर आला तो आपल्यामुळेच, असं तुम्ही ठरवून टाकलं आहे. जरा दिनदर्शिका काढून बघा. जूनमध्ये योग दिनाच्या उत्साहात आलेले काही जण कुठल्याही वर्गात टिकत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी. नवरात्रात तुळजापूर. कोजागरीपासून महिनाभर पहाटेचा काकडा, आणि तोही बहुधा तुमच्याच वेळेला मंदिरात. पुढं दिवाळी, कापूस वेचणी, साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीला गेलेली कुटुंबं. मग वेळा अमावस्या, त्या दिवशी तर तुमच्याकडेही अर्धं गाव शेतात. जे नऊ जण एवढ्यातूनही येतात ते का येतात, हे एकदा त्यांना विचारा. न येणाऱ्यांपैकी दोघी-तिघींकडेही जाऊन या, वेळ सोयीची नव्हती असंच उत्तर जास्त करून मिळेल. काकड्याच्या महिन्यात वर्ग संध्याकाळी घेता येतो का तेही बघा. उन्हाळ्यात उलट अर्धा तास आधी सुरू करावा लागेल.

फी घ्या. महिन्याला शंभर-दोनशे का होईना, घ्या. ज्यांना खरंच जमत नाही त्यांच्याकडून घेऊ नका, आणि कोण देतं, कोण नाही, हे कुणाला कळू देऊ नका. दोन महिने आधी सांगून ठेवलंत तर कुणी मनाला लावून घेणार नाही.

आता कोर्सचं. शिकत राहायला हवंच, त्यात वाद नाही. पण वर्ग बंद करून नको. शिकवण्याचं कसब शिकवताना येतं, नऊ माणसांचा वर्ग त्यासाठी उत्तम आहे, आणि बंद करून वर्षानं परत सुरू केलात तर ही भीती तुम्हाला तिथंच भेटेल. 200 तासांचं हे माप अमेरिकेतल्या 'योगा अलायन्स' या संस्थेच्या नोंदणी पद्धतीतून आलेलं आहे. परदेशात किंवा मोठ्या शहरातल्या स्टुडिओत काम करायचं असेल तर त्याचा उपयोग. तुमच्या गावात ते कुणी विचारणार नाही. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षा मात्र बघा. योग प्रोटोकॉल प्रशिक्षक, योग वेलनेस प्रशिक्षक, योग शिक्षक आणि मूल्यांकनकर्ता, अशा त्या चढत्या पायऱ्यांनी आहेत. लेखी असते आणि प्रात्यक्षिकही. परीक्षा देणार नसलात तरी त्याचा अभ्यासक्रम उतरवून घ्या, पदविकेत काय राहून गेलं ते त्यावरून लगेच कळेल.

पदविकेच्या बॅचमधल्या कुणी परळी, केज, धारूर, लातूर, जवळपास कुठंही वर्ग घेत असतील तर महिन्यातून एकदा त्यांच्या वर्गात जाऊन मागं बसा. शिक्षकाकडे बघू नका, शिकणाऱ्यांकडे बघा: सूचना कुठं पोचली, कुठं नाही. नंतर त्यांना तुमच्या वर्गात बोलवा आणि तसंच बघायला सांगा. आपण शिकवत असताना कुणीतरी जाणतं माणूस मागं बसून बघतं आणि मग एकांतात सांगतं, हे नव्या शिक्षकाला फार क्वचित मिळतं. बसभाड्यात ते होणार असेल तर सोडू नका.

एवढं करूनही तो कोर्स करावासा वाटला तर पैसे भरण्याआधी त्या लोकांना फोन करून तीन गोष्टी विचारा. प्रत्यक्ष शिकवायला किती तास मिळणार आणि ते शिकवणं कोण बघणार? शरीररचना कोण शिकवतं, त्यांचं त्या विषयातलं शिक्षण काय? बीपी, मधुमेह, गुडघेदुखी असलेल्या माणसांबरोबर काम करायला मिळणार का? उत्तरं गोलमोल आली तर दागिना गहाण ठेवू नका. नीट आली तर वर्गाच्या फीतून थोडे थोडे बाजूला काढा आणि पुढच्या उन्हाळ्यात, लग्नसराईमुळे वर्ग तसाही अर्धा झालेला असताना, जाऊन या.